मामांबरोबर खाडीपलीकडे

दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी ऑक्टोबर संपला की फोन वाजायला लागतात. "अरे, आम्ही येतोय. चार दिवस आहोत. काय काय बघायचं ते सांगून ठेव." मी २००३ साली इथे आलो. तेव्हापासून ही यादी इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन. बुर्ज खलिफा, त्याच्या पायथ्याची नाचरी कारंजी, दुबई मॉल आणि त्यातला माशांचा प्रचंड हौद, वाळवंटातली सफारी, आणि बर्फावरून घसरायची हौस असेल तर मॉल ऑफ द एमिरेट्स.

यात वाईट काहीच नाही. पोरं खूश होतात, फोटो झकास येतात. पण चौथ्या दिवशी रात्री जेवताना पाहुण्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं. "सगळं छान आहे हो, पण इतिहास असा काही नाही इथे. तेल सापडलं आणि वाळूत शहर उभं राहिलं, झालं." खरं सांगायचं तर मीही पहिली सहा-सात वर्षं हेच म्हणत होतो. माझं मत बदललं ते धाकट्या मामांमुळे, आणि त्यांना इथे आणायला मी सुरुवातीला अजिबात उत्सुक नव्हतो.

कारण सांगतो. मामा मुरूडचे. १९६४ साली मुंबईला कस्टम्समध्ये चिकटले आणि चौतीस वर्षं नोकरी करून तिथूनच निवृत्त झाले. आमच्या लहानपणी मामा म्हणजे इस्त्रीचा पांढराशुभ्र गणवेश आणि रात्रपाळीनंतरचे लाल डोळे. त्यांच्या घरात 'दुबई' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. मला इथे नोकरी लागल्याचे पेढे द्यायला गेलो तेव्हा मामांनी पेढा हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथं? जगात दुसरी जागा मिळाली नाही तुला?"

तर असे हे मामा, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मामी गेल्यावर घर खायला उठतं म्हणून २०१० च्या फेब्रुवारीत आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आले. बुर्ज खलिफा नुकताच, ४ जानेवारीला, उघडला होता. ८२८ मीटर! (बांधून होईपर्यंत त्याचं नाव बुर्ज दुबई होतं. २००८-०९ च्या मंदीत दुबई कर्जात बुडाली, डिसेंबर २००९ मध्ये शेजारच्या अबू धाबीने १० अब्ज डॉलर दिले आणि उद्घाटनाच्या दिवशी इमारतीला अबू धाबीच्या शेख खलिफांचं नाव मिळालं. इतकं महागडं बारसं दुसरं झालं नसेल.) मामांनी मान वर करून इमारत बघितली, मान अवघडली तशी खाली केली आणि म्हणाले, "बरं. आता मला ती जागा दाखव, जिथनं माल निघायचा."

"कसला माल?"

"सोनं रे."

मग शुक्रवारी दुपारी, नमाज संपल्यावर, आम्ही खाडीवर गेलो. तेव्हा इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली. आज तुम्ही आलात तर मेट्रोचा हिरवा मार्ग तुम्हाला खाडीच्या दोन्ही काठांवर सोडतो, पण तो २०११ चा. आम्ही गाडी घेऊन गेलो आणि तासभर पार्किंग शोधत फिरलो.

दुबईची खाडी म्हणजे समुद्राने जमिनीत घुसवलेली एक वाकडी जीभ. कोकणातल्या माणसाला खाडी म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. फरक एवढाच की हिला वरून येऊन मिळणारी नदी नाही. एका काठाला बर दुबई, पलीकडे देरा. बर दुबईत अल फहिदी किल्ला आहे, १७८७ च्या सुमाराचा. १९७१ साली त्यात संग्रहालय झालं. अलीकडे ते दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. मामांनी किल्ल्याला बाहेरून एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "जंजिऱ्याच्या एका कोपऱ्यात मावेल."

मावेलही. पण गावच तेवढं होतं. १८३३ साली अबू धाबीतल्या भांडणाला कंटाळून बनी यास टोळीतले आठशेच्या आसपास लोक मक्तूम बिन बुत्ती यांच्या मागे इथे येऊन राहिले. आजचे राज्यकर्ते त्याच घराण्यातले. पोट भरायला दोनच गोष्टी, मासे आणि मोती. आणि मोती विकायची मोठी पेठ कुठली? मुंबई.

संग्रहालयाच्या तळघरात मोतीवाल्याचं सामान मांडलं होतं. लहानमोठ्या भोकांच्या पितळी चाळण्या, तराजू, वजनं. शेजारी बुडी मारणाऱ्याची साधनं. नाकाला लावायचा चिमटा, पायाला बांधायचा दगड, गळ्यात अडकवायची जाळीची टोपली. जून ते सप्टेंबर, म्हणजे इथल्या जीवघेण्या उन्हाळ्यात, चार-चार महिने माणसं होडीवर राहत. एका दमात मिनिट-दीड मिनिट पाण्याखाली, दिवसात कितीतरी वेळा. होडीच्या मालकाला नाखुदा म्हणत. ही पाटी वाचून मामा थबकले. "अरे, हा तर आपला नाखवा!" खरंच की. आमच्या मुरूडच्या कोळीवाड्यातला नाखवा आणि हा फारसी नाखुदा एकच. शब्द पाण्यावरून आला आणि किनाऱ्याला लागला.

पण नाखुद्याची दुसरी बाजू तिथे फारशी मांडलेली नव्हती. बुडी मारणाऱ्याला हंगामाआधी उचल मिळे, घरच्यांना खायला. हंगामाच्या शेवटी मोती विकून हिशेब होई, आणि हिशेब लिहिणारा तोच. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच होडीवर. बाप मेला तर कर्ज मुलाच्या अंगावर येई. १९२० च्या दशकात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ ला जगभर मंदी आली आणि हा धंदा काही वर्षांत बसला. सावकारही बुडाले आणि कर्जदारही.

किल्ल्याजवळच बस्तकिया. हल्ली पाट्यांवर अल फहिदी ऐतिहासिक भाग असं लिहितात, पण जुनं नाव जास्त बोलकं आहे. १९०० नंतर समोरच्या इराणच्या किनाऱ्यावर, लिंगा बंदरात, जकात वाढली. दुबईच्या शासकाने नेमकं उलटं केलं, व्यापाऱ्यांना करमाफी दिली. बस्तक भागातले व्यापारी बिऱ्हाडं उचलून इकडे आले, आणि लवकरच मुंबईहून निघणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी दुबईला नियमित थांबू लागल्या. एका गावाने कर वाढवले, दुसऱ्याने काढून टाकले, आणि बंदराचं नशीब फिरलं. दुबईचा सगळा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो. पुढे जे काही झालं, करमुक्त बंदर, करमुक्त नोकरी, ती याचीच पुनरावृत्ती आहे. बरं, तेलाचा तेव्हा पत्ताच नव्हता.

या घरांपाशी मी इंजिनियर असल्याने जरा रेंगाळतो, मला माफ करा. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या. दगड सच्छिद्र, म्हणून उष्णता आत लवकर येत नाही. डोक्यावर चौकोनी मनोरा, बरजील. त्याच्या चारही बाजू उघड्या आणि आत फुलीसारख्या आडव्या भिंती. वारा कुठूनही येवो, एका कप्प्यातून खाली खोलीत उतरतो आणि खोलीतली गरम हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. वीज नाही, आवाज नाही. मामा मनोऱ्याखाली उभे राहिले, वर बघितलं, "गार लागतंय रे" म्हणाले आणि दहा मिनिटं तिथून हलले नाहीत. या वस्तीचा बराच भाग १९८० च्या दशकात पाडला गेला. उरलेला वाचला तो काही लोकांनी आरडाओरडा केला म्हणून.

तिथून कापडबाजारातून चालत निघालो. सिंधी, कच्छी, भाटिया व्यापाऱ्यांची पिढीजात दुकानं. हे लोक इथे तेलासाठी आलेले नाहीत, त्यांचे पणजोबा मोत्यांच्या काळात आले. मामांना गल्लीच्या तोंडाशी उदबत्तीचा वास आला आणि ते वासाच्या मागे निघाले. इथे १९५८ पासून मंदिर होतं, मशिदीच्या अगदी पाठीला पाठ लावून. (२०२२ मध्ये जेबेल अलीला मोठं नवं मंदिर उघडलं. आता बरेचसे भाविक तिकडे जातात.)

खाडीच्या मुखाशी शिंदगा म्हणून भाग आहे. तिथे शेख सईद यांचं १८९६ चं घर. आता सगळा शिंदगा एका मोठ्या संग्रहालयात सामावला आहे, तेव्हा ते एकटंच घर होतं आणि आत जुने फोटो, तिकिटं आणि नाणी. मला हे सगळ्यात कंटाळवाणं दालन वाटायचं. मामा मात्र काचेला नाक लावून उभे राहिले. आपली तिकिटं! दुबईला टपाल कचेरी उघडली १९०९ साली, आणि ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची. १९४७ पर्यंत इथलं पत्र आपल्याच तिकिटावर जाई. या किनाऱ्याशी ब्रिटिशांनी १८२० पासून जे तह केले ते झाले मुंबईहून निघालेल्या आरमाराच्या जोरावर, आणि आखाताचा कारभार पाहणारा बुशायरचा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता. दुबईचा राजा कोण आणि त्याला किती तोफांची सलामी, याचा विचार अनेक वर्षं फोर्टातल्या कचेऱ्यांत होत होता म्हणा ना.

आणि नाणी? तीही आपलीच. दुबईत, कतारमध्ये, बाहरीनमध्ये बाजारहाट रुपयात चालायचा. एका चौकटीत रिझर्व्ह बँकेची नोट होती, पण रंग निराळा. मामांनी चष्मा पुसला, क्रमांकाआधीचं झेड हे अक्षर दाखवलं आणि म्हणाले, "आखाती रुपया. आमच्यामुळे निघाला हा."

आता हे जरा समजून घेण्यासारखं आहे. स्वतंत्र भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी होती. परकीय चलनच नव्हतं, तर सोनं कशाने घेणार? पण लग्नं थांबतात थोडीच! झवेरी बाजारातला भाव जगाच्या भावाच्या कितीतरी वर. म्हणून सोनं चोरून यायचं आणि त्याची किंमत रुपयाच्या नोटांत आखातात जायची. तिथे रुपया हेच अधिकृत चलन. आखातातल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे पाठवून बदल्यात पौंड मागत, आणि ते देणं आपल्यावर बंधनकारक! म्हणजे चोरीचं सोनं आपल्याच तिजोरीतून फेडलं जात होतं. हे भोक बुजवण्यासाठी १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, ज्या भारतात चालत नसत. चोरी थांबली नाही, फक्त फेडण्याची तऱ्हा बदलली. पुढे चांदी उलट्या दिशेने जायला लागली. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि दुबईकरांच्या गल्ल्यातला पैसा एका रात्रीत आटला. त्यांनी रुपयाला रामराम ठोकला. आधी सौदी रियाल, मग कतार आणि दुबईचा मिळून एक रियाल, आणि १९७३ पासून दिरहम.

परत येऊन पलीकडे जायला आब्रात बसलो. आब्रा म्हणजे लाकडी होडी. मधे इंजिनाची पेटी, तिच्या भोवती पाठीला पाठ लावून वीसेक माणसं. मी आलो तेव्हा अर्धा दिरहम पडायचा, पुढे एक झाला. दुबईत इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही, आणि इतकं चांगलंही.

होडीतून मी मामांना काठ दाखवला. १९५० च्या सुमारास ही खाडी गाळाने भरत चालली होती. मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी राहत, माल पडावातून आत येई. शेजारच्या शारजाची खाडी अशीच गाळाने बुजली. शेख रशीद यांनी इंग्रज अभियंत्यांकडून पाहणी करून घेतली, कुवेतकडून कर्ज काढलं, व्यापाऱ्यांना रोखे विकले आणि १९५९ ते ६१ च्या दरम्यान खाडी उपसून घेतली. उपसलेली वाळू काठावर टाकून जमीन केली आणि तीही विकली! दुबईला तेल सापडलं १९६६ ला, पहिली निर्यात १९६९ ची. म्हणजे आधी खाडी, मग तेल. आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहे. "तेल सापडलं आणि शहर उभं राहिलं" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आता याच होडीत बसवतो.

आमच्या शेजारी सुट्टीचे चांगले कपडे घातलेला एक तेलंगणचा पोरगा बसला होता. इमारतीच्या कामावर होता. मामांनी चौकशी केली. गावात एजंटाला द्यायला कर्ज काढलेलं, दोन वर्षं झाली, अजून व्याजच चाललंय. "पासपोर्ट?" "कंपनीकडे." मामा काही बोलले नाहीत. पलीकडे उतरल्यावर म्हणाले, "ते तळघरातलं... नाखव्याची उचल. तीच की ही." मी गप्प बसलो. त्या वर्षी मीही एका प्रकल्पावर होतो आणि माझा पासपोर्ट माझ्या कपाटात होता.

देराच्या धक्क्यावर तेव्हा गलबतांच्या रांगा लागलेल्या असत. फ्रीज, टायर, तांदळाची पोती, सगळं उघड्यावर रचलेलं. मामा एका बोलार्डवर बसले आणि पहिल्यांदाच नोकरीबद्दल सविस्तर बोलले. इथून गलबत निघे, मुंबईसमोर हद्दीबाहेर थांबे, रात्री मच्छीमार होड्या जाऊन माल घेत. दहा तोळ्यांची बिस्किटं, एकेक ११६ ग्रॅमहून थोडं जास्त. कॅनव्हासच्या जाकिटाला ओळीने शिवलेले खिसे, एका जाकिटात शंभर बिस्किटं. साडेअकरा किलोंचा ऐवज छातीवर बांधून माणूस होडीतून उतरे. पाण्यात पडला तर दगडासारखा तळाला. "एकदा असा एक जण काढला आम्ही. पोरगाच होता, आपल्याच बाजूचा. जाकीट अंगावर तसंच. पंचनाम्यात सोन्याचं वजन ग्रॅमपर्यंत लिहिलं. त्याचं नाव कळायला चार दिवस लागले."

मी त्यांना म्हटलं, इकडे मात्र यात गुन्हा काहीच नव्हता. सोनं लंडनहून, झुरिकहून विमानाने उघड यायचं, बँकेच्या वहीत नोंद व्हायची, आणि परत बाहेर जाणं ही फेरनिर्यात. १९७० च्या सुमारास वर्षाला दोनशे टनांहून जास्त सोनं या चिमुकल्या गावात येत होतं. व्यापाऱ्याच्या लेखी तो टायर-तांदळासारखाच माल. मामा म्हणाले, "हे ठाऊक होतं. पण असं धक्क्यावर बसून कधी विचार केला नव्हता. ते इकडं पावती फाडून पाठवायचे, आणि आम्ही तिकडं रात्रभर टॉर्च घेऊन..." मग हसले. १९६३ चं सुवर्ण नियंत्रण, १९७४ चा कॉफेपोसा, सगळी कलमं त्यांना तोंडपाठ. १९९० ला सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं सरळ सामानातून आणायची मुभा मिळाली. गलबतं पकडणाऱ्यांना ज्यात तीस वर्षं यश आलं नव्हतं ते एका सरकारी आदेशाने बरंचसं साधलं. "आम्ही पकडलं ते मूठभर," मामा म्हणाले, "पण ती मूठ खरी होती."

संध्याकाळी सोनेबाजारात दिवे लागले. लाकडी छपराखालची ती गल्ली, काचेत लटकवलेले बाहीएवढे हार. मामा सगळ्यात लहान दुकानात शिरले आणि नातीसाठी एक बारीक साखळी घेतली, पाच-साडेपाच ग्रॅमची. विक्रेता मलबारी, हिंदीत म्हणाला, गळ्यात घालून न्या चाचा, एवढ्याशा साखळीला कोण विचारतंय. मी डोळे मिटून घेतले. मामांनी शांतपणे चष्मा सारखा केला आणि पक्कं बिल मागितलं, वजन, कॅरट, घडणावळ, सगळं वेगवेगळं लिहून.

पंधरा दिवसांनी मुंबईला उतरल्यावर त्यांचा फोन आला. लाल मार्गाने गेले होते. तिथल्या पोराला आधी कळेचना की हे आजोबा एवढीशी साखळी दाखवायला मुद्दाम का आलेत. मग त्याने कुठला तरी तक्ता काढून आकडेमोड केली, तीही मामांनी तपासली. "एक चूक होती," ते म्हणाले, "दुरुस्त करून घेतली. थोडे जास्त पडले."